बाद झाल्यानंतर

चेंबूरमध्ये कुठल्याही मंडळाच्या बक्षीस समारंभाला जा. टिळकनगर असो, घाटला असो की सुभाषनगर, पाहुण्यांच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं: खेळाने व्यक्तिमत्त्व घडतं. त्यामागोमाग शिस्त येते, नेतृत्वगुण येतात, खिलाडूवृत्ती येते, आणि भाषणं संपली की खुर्च्या उचलायला ज्यांचं व्यक्तिमत्त्व घडलं तीच मुलं लागतात. मुलांच्या संघाबरोबर मैदानावर काम करणाऱ्याला हे वाक्य खोटं वाटत नाही, अपुरं वाटतं. रोज संध्याकाळी तीच मुलं पाहिली की दिसतं, खेळणारी सगळीच काही शिस्तीची होत नाहीत. काही चांगली बेरकी होतात, काही मग्रूर होतात, काहींच्या हाती नुसती दुखापत लागते. म्हणून खेळाने माणूस घडतो का, असा प्रश्न विचारून फारसं काही हाती येत नाही. खेळातल्या नेमक्या कशाने घडतो, असं विचारावं लागतं. माझ्यापुरतं उत्तर असं आहे की ते बळ बाद होण्यात आहे. आणि बाद झाल्यावर परत आत येणं आपल्या नव्हे, सोबत्याच्या हातात असण्यात आहे. जिंकणं, सराव, घाम हे सगळं त्याच्या आजूबाजूचं.

हे नीट कळायला आधी जागेचा हिशेब मांडायला हवा, कारण चेंबूरची मुलं काय खेळतात हे जागा ठरवते. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. चेंबूरचा नकाशा तर आणखी मजेशीर आहे. १९२७ पासूनचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब इथे आहे, माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, आरसीएफची वसाहत आहे, पलीकडे तुर्भ्याच्या डोंगराखाली भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुशक्तीनगर. हिरवा रंग नकाशावर भरपूर, पण त्यातला बराचसा फाटकाच्या आत. फाटकाबाहेरच्या सिद्धार्थ कॉलनीतल्या किंवा लाल डोंगरावरच्या मुलाला मिळतो तो शाळेचा पत्र्याने वेढलेला तुकडा, मंडळासमोरची गल्ली, आणि सण नसेल तेव्हा गांधी मैदान. अशा ठिकाणी कबड्डी टिकली यात नवल नाही. किशोर गटाचं कबड्डीचं मैदान ११ बाय ८ मीटरचं, म्हणजे ८८ चौरस मीटर. साधारण सत्तर मुंबईकरांच्या वाट्याला जेवढी मोकळी जागा येते तेवढ्यात चौदा मुलं एकाच वेळी खेळतात. चेंडू नाही, बॅट नाही, पॅड नाहीत. मॅटची चैन स्पर्धेपुरती. सराव अजूनही मातीत, नाहीतर फरशीवर अंथरलेल्या कशावर तरी. पण कबड्डी गरिबाचा खेळ म्हणून चांगला, हा युक्तिवाद मला करायचा नाही. तिच्या नियमांत एक गोष्ट अशी आहे की ती बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दुसरीकडे कुठेच भेटत नाही.

जुन्या काळी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळला जाई, आणि तिन्ही तऱ्हांची नावं आपल्या लोकांनी मोठी नेमकी ठेवली होती: अमर, गामिनी आणि संजीवनी. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे. समोरच्यांना गुण मिळे आणि खेळ पुढे चाले. गामिनीत एकदा बाद झालेला गडी पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. साताऱ्यात १९१८ च्या सुमाराला नियम बांधायची खटपट सुरू झाली, १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्यांना रूप दिलं, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ उभा राहिला. आणि या साऱ्या घडामोडीतून जी कबड्डी आज शाळेत, मंडळात आणि टीव्हीवर दिसते ती संजीवनीच्या वळणाची आहे. खेळ रंगतदार व्हावा म्हणून ही निवड झाली असणार, मुलं घडावीत म्हणून नव्हे. पण शिक्षणाच्या अंगाने पाहिलं तर तिन्ही तऱ्हा म्हणजे चुकीकडे पाहण्याच्या तीन रीती आहेत. अमरमध्ये चूक करणाऱ्याला चुकीचं काही सोसावं लागत नाही. गामिनीत चूक केली की तो संपला, पुढचा खेळ इतरांचा. संजीवनीत चुकीची किंमत लगेच मोजावी लागते, सगळ्यांच्या देखत मोजावी लागते, आणि ती फेडून तुला परत आणायचं काम तुझा सोबती करतो.

तेरा वर्षांच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. उजव्या कोपऱ्यावर उभा असताना त्याने घाई केली, चढाई करणाऱ्याच्या पायावर एकट्यानेच झेप घेतली, साखळी तुटली, पकड सुटली आणि गडी मध्यरेषेला हात लावून गेला. आता तो बाहेर बसला आहे. आत सहाच्या जागी पाच उरलेत, आणि ते त्याच्यामुळे, हे त्याला कळतं आहे. तिथून त्याला काहीही करता येत नाही. ओरडून सांगितलं तर पंच दटावतात. आता चढाईला निघालाय तो मुलगा कदाचित तोच असेल ज्याला काल यानेच सरावात ‘तुला दमच नाही’ म्हणून हिणवलं होतं. त्याने गडी मारले तरच हा आत येणार. तोही आपल्या क्रमानेच, कारण जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो. कर्णधार असलास, प्रशिक्षकाचा लाडका असलास, तुझ्याच वडिलांनी मंडळाला टी-शर्ट दिलेले असले, तरी तुझ्याआधी बाहेर आलेला बारका गडी तुझ्याआधी आत जाणार. हे सगळं होतं दीड-दोन मिनिटांत. आत पाऊल ठेवलं की हिशेब चुकता. मघाच्या चुकीबद्दल कुणाला बोलायला वेळ नसतो, कारण पुढची चढाई अंगावर आलेली असते.

मुलाच्या बाकीच्या जगात अपयश असं वागत नाही. शाळेत नापास होणं एकट्याचं असतं. निकाल महिन्याभराने येतो, त्याने वर्गातल्या कुणाचं काही बिघडत नाही, आणि बाकावरचा मित्र कितीही हुशार असला तरी तो त्याला पास करू शकत नाही. केलं तर तिला कॉपी म्हणतात. घरात चूक झाली तर एक तर आई पोटात घालते, नाहीतर वडील आठवडाभर ती उगाळतात. आपल्यामुळे दुसऱ्याला झळ बसली, ती सर्वांनी पाहिली, दुसऱ्यानेच ती भरून काढली आणि गोष्ट तिथे संपली, हे चारही दुवे एकत्र असलेला अनुभव शाळा देत नाही, घर देत नाही, शिकवणीचा वर्ग तर नाहीच नाही. मोठेपणी मात्र नोकरीत, संसारात, दुकानात बहुतेक अपयशं याच जातीची असतात. आपली चूक, भुर्दंड सगळ्यांना, सावरणारा कुणी तिसराच, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच माणसांबरोबर काम. त्याची तालीम कुठे होते असं विचारलं तर मला त्या ८८ चौरस मीटरशिवाय दुसरं फारसं काही दाखवता येत नाही. या कामात एक गोष्ट उशिरा उमगते ती अशी की बाहेर आलेल्या मुलाला लगेच काही सांगायला जाऊ नये. त्या दोन मिनिटांत तो जे पाहत असतो ते आपल्या सांगण्यापेक्षा मोलाचं असतं. प्रशिक्षकाची जीभ तिथे नेमकी आड येते.

खो-खोत हीच गोष्ट वेगळ्या अंगाने येते. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमांत बसवलेल्या या खेळात पाठलाग करणारे आठ जण पाटीवर बसलेले, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून. म्हणजे प्रत्येकाला अर्धं मैदान दिसतच नाही. समोरून गडी निसटताना दिसला, हात शिवशिवले, तरी मागून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, आणि उठल्यावर एक दिशा धरली की माघारी वळता येत नाही. वेगवान मुलाला खो-खो छळतो तो याच जागी. धावण्याच्या शर्यतीत पहिला येणारा मुलगा इथे डावभर बसून राहू शकतो, कारण धावणाऱ्याने त्याच्या पाठीमागच्याला खो देणं त्या क्षणी योग्य होतं. आपली ताकद केव्हा वापरायची हे आपण ठरवायचं नाही, ज्याला उरलेलं मैदान दिसतंय त्याच्यावर सोडायचं, ही गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकाने सांगून पटणार नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर व महिलांची प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्यानंतर शाळाशाळांतून खो-खोची चौकशी वाढली. चांगलंच झालं, पण पालक चौकशी करतात ती चषकाची. पाटीवर बसण्याची कुणी करत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: ही मुलं खेळाने घडली कशावरून? मुळातच धीट, मिळून-मिसळून वागणारी मुलं संघात टिकतात, बुजरी आठवड्याभरात गळतात. मग टिकलेल्यांकडे बोट दाखवून खेळाने घडवलं म्हणणं ही हातचलाखीच नाही का? चेंबूरमध्ये या हातचलाखीचं हुकमी पान म्हणजे सूर्यकुमार यादव. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात, बालपण अणुशक्तीनगरात, क्रिकेटची सुरुवात तिथल्याच मैदानावर. २०१० मध्ये मुंबईकडून रणजीत उतरलेला हा खेळाडू भारताच्या संघात आला २०२१ मध्ये, वयाच्या तिशीत. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये शेवटच्या षटकात सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला आणि पुढच्याच महिन्यात टी-ट्वेंटी संघाचा कर्णधार झाला. दहा वर्षांची ती वाट पाहणं मोठंच आहे. पण तो माझ्या म्हणण्याचा पुरावा नाही, आणि होऊही नये. एका सूर्यकुमारामागे त्याच वसाहतीतली, त्याच मैदानावरची कितीतरी मुलं आहेत जी आज बँकेत, कारखान्यात, परदेशात आहेत. खेळाने काय केलं हे विचारायचं तर त्यांच्याबद्दल विचारावं लागेल. भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, पोलीस अशा संघांत कबड्डीमुळे नोकरी मिळालेल्यांबद्दलही तेच. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आई-वडील त्या आशेने मुलाला मैदानावर धाडतात, त्यात गैर काही नाही. पण तो खेळाचा मोबदला झाला, घडणं नव्हे, आणि मिळतो तो फार थोड्यांना.

निवडीचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. बुजरी मुलं गळतात हे खरं. म्हणूनच माझं म्हणणं ‘खेळाने’ असं सरसकट नाही, एका नियमापुरतं आहे: ज्या मुलाला बाद व्हायची आणि परत यायची पाळी खरोखर येते, त्यालाच हे मिळतं. नुसतं संघात नाव असून भागत नाही. हे तपासायचं तर सांघिक म्हणवणारे सगळेच खेळ एका मापाने मोजून चालणार नाहीत, आणि मुंबईकराला न आवडणारी गोष्ट इथे बोलावी लागते. शाळकरी क्रिकेटमध्ये हा नियम फार सहज निसटतो. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी केली. एकाच्या ३२६, दुसऱ्याच्या ३४९. ते आकडे मुंबईत लहान मुलालाही तोंडपाठ. त्या डावात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून जो बसून राहिला त्याचं नाव अमोल मुझुमदार, आणि त्याची पाळी आलीच नाही. २०१६ च्या जानेवारीत कल्याणला भंडारी चषकात प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या, त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला, आणि समोरचा संघ ३१ व ५२ मध्ये संपला. जगभर त्या मुलाचं नाव झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्या दोन दिवसांत त्याच्या संघातल्या बहुतेकांच्या हाती बॅट आली नाही आणि समोरच्या मुलांनी उन्हात चेंडू आणून दिले. हा विक्रम खरा. मात्र सांघिक खेळाच्या नावाखाली त्या बावीस मुलांना काय मिळालं, हे त्या विक्रमाच्या बातमीत कुठे नव्हतं. क्रिकेटमध्ये नवव्या क्रमांकाचा, गोलंदाजी न करणारा मुलगा अख्खा हंगाम ‘संघात’ राहून एकदाही कुणाच्या उपयोगी न पडता घरी जाऊ शकतो. कबड्डीत सात जणांत असं लपता येत नाही. चढाई करणारा तुझ्या अंगावर आला की तुला सामोरं जावंच लागतं.

आता कुणी म्हणेल, पॅड बांधून बसलेल्या त्या मुझुमदारचं काय वाईट झालं? रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, भारतासाठी एकही सामना नाही, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच. चेंबूरहून खाडीपूल ओलांडला की ते मैदान. गोष्ट सुंदर आहे आणि बक्षीस समारंभाला पुढची वीस वर्षं पुरेल. पण मघाशी सूर्यकुमारला लावलेली फूटपट्टी इथेही लावली पाहिजे. वाट पाहायला लागलेल्या हजारांतल्या एकाचं सोनं झालं म्हणून वाट पाहायला लावणं चांगलं ठरत नाही. शिवाय मुझुमदार तेव्हा बसला होता तरी पुढच्या सामन्यात खेळणार होता. कायम बसणाऱ्याची गोष्ट निराळी असते.

दुसरा आक्षेप याहून कडू आहे. संघ जोडतो तसा तोडतोही. आपल्या माणसांसाठी जीव टाकायला शिकवणारी गोष्टच समोरच्याला माणूस न मानायला शिकवते. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मुंबईला हे शिकायला ओक्लाहोमाला जायची गरज नव्हती. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्माने संघ पाडून खेळली जाणारी क्रिकेटची चौरंगी-पंचरंगी स्पर्धा या शहरातला मोठा तमाशा होती. गांधीजींनी १९४० मध्ये तिला विरोध केला आणि १९४६ नंतर ती बंद पडली. तिच्याच इतिहासात बाळू पालवणकर आहेत. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज हिंदूंच्या संघाला युरोपियनांविरुद्ध सामने जिंकून देत होता, पण पुण्यात सुरुवातीच्या दिवसांत त्याला चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. कर्णधारपद त्याला मिळालं नाहीच. भाऊ विठ्ठलला मिळायला १९२३ साल उजाडावं लागलं. त्याच माणसाने टाकलेला चेंडू हाती घ्यायचा, त्याच्या बळीवर टाळ्या वाजवायच्या आणि चहाला वेगळं बसवायचं. खेळाच्या रेषेच्या आत जे होतं ते आपोआप रेषेबाहेर जात नाही याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

मग मैदानावर शिकलेलं बाहेर नेतं कोण? शेरीफ यांच्या प्रयोगाचा उत्तरार्ध लोक विसरतात: नुसतं एकत्र जेवायला बसवून त्या मुलांचं वैर गेलं नाही, उलट अन्नाची फेकाफेक झाली, ते निवळलं ते शिबिराचं पाणी बंद पडलं आणि दोन्ही गटांना मिळून दुरुस्ती करावी लागली तेव्हा. म्हणजे गरज खरी असावी लागते. चेंबूरसारख्या ठिकाणी ती गरज निर्माण करता येते, कारण इथे काही किलोमीटरच्या आत माहुलचे कोळी आहेत, कॅम्पातले सिंधी आहेत, छेडानगरचे तमिळ आहेत, साताऱ्या-कोकणातून आलेली मराठी कुटुंबं आहेत, वाशीनाक्याला पुनर्वसनाच्या इमारतींत शहरभरातून आणून टाकलेले लोक आहेत. पण मंडळाचा संघ बहुधा एका गल्लीचा, म्हणजे पुष्कळदा एका जातीचा असतो. शाळेचा संघ तेवढा मिसळलेला. कबड्डी हा स्पर्शाचा खेळ. कोपऱ्यावरचा आणि शेजारचा एकमेकांचं मनगट घट्ट धरून साखळी करतात; घामाने हात निसटतो म्हणून माती चोळून परत धरतात. ज्या समाजात कुणी कुणाला शिवायचं याचे नियम होते तिथे मुलं हे पन्नास वेळा करतात, ही लहान गोष्ट नव्हे. पण बाळू पालवणकरांचा चहा आठवला की मी त्यावर फार मोठा मनोरा रचत नाही. संघ कसा निवडला, डबा कुठे खाल्ला, सामन्याला जाताना रिक्षात कोण कुणाशेजारी बसलं, हे मोठी माणसं ठरवतात, आणि तिथे खेळाचा नियम संपलेला असतो.

मनोऱ्यावरून दहीहंडी आठवते. संघभावनेचं मुंबईतलं सर्वांत भव्य दृश्य तेच, आणि खालच्या थरातला जो कधी कॅमेऱ्यात येत नाही त्याच्या खांद्यांवर सगळं उभं असतं, म्हणून माझ्या म्हणण्याला ते उदाहरण चपखल बसावं. २०२२ मध्ये सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जाही दिला. तरी वाढत्या मुलांसाठी मी तिचं नाव घेणार नाही. संजीवनीत चुकीची किंमत दोन मिनिटं बाहेर बसण्याची आहे, म्हणून मूल पुन्हा चुकायचं धाडस करतं. सातव्या थरावरून पडणाऱ्याला कुणी क्रमाने परत आत घेत नाही. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली, २०१७ पासून ती चौदा वर्षांखालच्यांपुरती उरली; तो वाद कायद्याचा. शिकण्याच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट सरळ आहे, चूक जितकी महाग तितकं मूल ती लपवायला शिकतं.

हीच महागाई कबड्डीतही शिरते, आणि तिसरा आक्षेप तिच्याबद्दलचा. खेळ खोटेपणा शिकवतो, असं म्हणणारे पालक उगाच म्हणत नाहीत. किशोर गटाला सोळा वर्षांची आणि ५५ किलोंची मर्यादा आहे. स्पर्धेच्या आधी दोन दिवस मुलांना उपाशी ठेवणं, अंगावर दोन-दोन जाकिटं चढवून पळवणं, जन्मदाखल्यात वर्षभर इकडे-तिकडे करणं, हे सगळ्या मैदानांना माहीत आहे. वयचोरी इतकी रुळली की क्रिकेट मंडळाला लहान गटांत हाडांची तपासणी आणावी लागली. मुलगा यातून शिकतो तो धडा असा की नियम मोठ्यांनी मोडायचे असतात आणि लहानांनी गप्प बसायचं असतं. याला माझ्याकडे खेळाच्या बाजूने बचाव नाही. एवढंच म्हणेन की हे खेळाच्या नियमातून आलेलं नाही, चषकाच्या किमतीतून आलं आहे. रोख बक्षीस, नोकरीची आशा, मंडळाच्या फलकावर छापायचं नाव. हे जितकं वाढतं तितकी बाद होण्याची किंमत वाढते, आणि संजीवनी गामिनीकडे सरकू लागते. दहावीच्या अभ्यासाचा आक्षेप मला त्यामानाने हलका वाटतो. दोन तास मैदानावर गेल्याने काही मुलांचे गुण कमी होतही असतील. ते होत नाहीत असं मी म्हणणार नाही, कारण खेळ गुणांसाठी खेळायचा असं मानलं की सवलतीच्या गुणांचे कागद गोळा करणं हाच खेळ होऊन बसतो. मुलींचं मात्र खरंच बिकट आहे. नेमकी सातवी-आठवीत, जेव्हा हा अनुभव सर्वांत उपयोगी, तेव्हा त्यांचं मैदान सुटतं, आणि त्याचं कारण खेळात नसतं. सराव संपेपर्यंत अंधार पडतो, मैदानाजवळ स्वच्छतागृह नसतं, घरी धाकटा भाऊ सांभाळायचा असतो. खेळाचे फायदे सांगून यातलं काहीच सुटत नाही. सरावाची वेळ तासभर अलीकडे घेऊन थोडं सुटतं.

राहता राहिले ते पाच. कबड्डीच्या संघात बारा नावं असतात, सात खेळतात. बाहेर बसलेल्या सातांतल्या बाद गड्याबद्दल मी एवढा वेळ बोललो, पण त्याच्या मागच्या बाकावर जे पाच राखीव बसलेले असतात ते बाद होत नाहीत, म्हणून जिवंतही होत नाहीत. त्यांच्यासाठी सामना अमरही नाही आणि गामिनीही नाही. पाण्याच्या बाटल्या आणि इतरांच्या चपला सांभाळणं त्यांच्याकडे असतं, आणि गटातली मुलं पाहिली तर लक्षात येतं की बुजरा, जाडसर, उशिरा उंच होणारा असा जो मुलगा आठवड्याभरात गळेल म्हणून आपण घाबरतो, तो बहुधा याच पाचांत असतो. निवडीचा जो आक्षेप मघाशी अर्धा मान्य केला त्याचा उरलेला अर्धा इथे बसलेला आहे. गंमत अशी की नियम आड येत नाही: टाइमआउटमध्ये आणि मध्यंतरात पंचांना सांगून राखीव गडी बदलता येतात. किशोर गटाचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांचा असतो. तालुका आणि वॉर्ड पातळीवरच्या स्पर्धांत आयोजकांनी एवढंच छापील पत्रकात घातलं, की साखळी सामन्यांत बाराही मुलांनी निदान पाच मिनिटं मैदानावर असलं पाहिजे, तर कुणाचा चषक हिरावला जाणार नाही. गुणलेखकाला एक रकाना जास्त आखावा लागेल.